भाड्याचं मैदान

७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात एफसी पुणे सिटी आणि बेंगळुरू एफसी यांच्यात इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. पुण्याचा संघ स्पर्धेत एवढ्या वर पहिल्यांदाच पोचला होता. सामना गोलशून्य सुटला. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले, पुणे ३-१ असं हरलं आणि तो मोसम तिथेच संपला. या संघाचा तोच सगळ्यात उंच क्षण ठरला, कारण पुढच्या मोसमानंतर क्लबच उरला नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये लीगमधली त्याची जागा नव्या मालकांनी घेतली आणि ती हैदराबादला नेली. मार्च २०२२मध्ये गोव्यातल्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हैदराबाद एफसीने लीग जिंकली. २०२५मध्ये ती जागा पुन्हा हलली आणि या वेळी दिल्लीला गेली.

क्लब गेला तो मुख्यतः पैशापायी. पण गेला तो इतक्या सहज कसा, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कार्यालय आवरलं, खेळाडूंचे करार मिटवले किंवा फिरवले, आणि पाच मोसमांचा संसार संपला. गावात त्याची स्वतःची एक वीटही नव्हती. मैदान राज्य सरकारच्या क्रीडासंकुलातलं आणि तेही सामन्यापुरतं मिळणारं. त्याच्या आधी पुणे एफसीचंही तसंच झालं होतं. २००७मध्ये अशोक पिरामल समूहाने उभा केलेला हा क्लब आय-लीगमध्ये पहिल्याच मोसमात तिसरा आला, २०१२-१३मध्ये उपविजेता ठरला, आणि २०१४-१५नंतर त्याचा वरिष्ठ संघ बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच मोसम टिकला. तिघांचं घरचं मैदान बालेवाडीच. तिघेही भाडेकरू.

म्हणून या प्रकरणातला प्रश्न मी पुण्यातून विचारतो आहे: मैदान जुनं झालं, अपुरं पडू लागलं, तर क्लबने ते दुरुस्त करावं की दुसरीकडे जावं?

पुणेकराला हा प्रश्न नवा नाही. पेठेतल्या प्रत्येक जुन्या वाड्यात तो कधी ना कधी विचारला गेला आहे. गळणारं छप्पर शाकारून दिवस काढायचे, वाडा पाडून त्याच जागी इमारत बांधायची, की सरळ कोथरूडला फ्लॅट घ्यायचा? पण या तिन्हींतलं काहीही ठरवायचा हक्क मालकाचा. भाडेकरू फार तर पत्रा बदलू शकतो. स्टेडियमचंही नेमकं असंच असतं.

जगात या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उदाहरण इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात सापडतं, आणि त्याची सुरुवातही भाड्याच्या भांडणातूनच झाली. एव्हर्टन हा क्लब १८८४पासून अ‍ॅनफिल्ड मैदानावर खेळत असे. बिअरचा कारखानदार जॉन होल्डिंग यांच्याशी भाड्यावरून आणि मैदानाच्या कारभारावरून वाद विकोपाला गेला, तेव्हा १८९२मध्ये क्लब उठला आणि स्टॅन्ली पार्क ओलांडून पलीकडे गुडिसन पार्कवर गेला. होल्डिंग यांच्या हाती मैदान राहिलं, पण खेळायला संघ नाही. त्यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल एफसी. एका बागेच्या दोन काठांना दोन क्लब झाले, आणि सव्वाशे वर्षांनी दोघांनाही एकच प्रश्न पडला: मैदान जुनं झालं, आता काय?

दोघांनी उलट उत्तरं दिली. लिव्हरपूलची स्टॅन्ली पार्कमध्येच नवं स्टेडियम बांधायची योजना अनेक वर्षं कागदावर होती. २०१०मध्ये आलेल्या नव्या मालकांनी ती बाजूला ठेवली आणि अ‍ॅनफिल्ड एकेका बाजूने वाढवायला घेतलं. २०१६मध्ये मुख्य स्टँड उंच झाला, २०२४मध्ये अ‍ॅनफिल्ड रोडकडचा स्टँड पूर्ण झाला, आणि क्षमता ६१ हजारांवर गेली. काम चालू असतानाही सामने त्याच मैदानावर होत राहिले. ऐकायला हे फार शहाणपणाचं वाटतं, पण त्याची किंमत शेजाऱ्यांनी मोजली. विस्तारासाठी आसपासची घरं विकत घेतली गेली, ती वर्षानुवर्षं रिकामी राहिली, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या गल्ल्या तिथल्या रहिवाशांनी पाहिल्या. ‘जागेवरच वाढणं’ म्हटलं की कुणाची तरी जागा जाते, हे विसरता येत नाही.

एव्हर्टनला तसं वाढायला वावच नव्हता. गुडिसन पार्कच्या तीन बाजूंना घरांच्या रांगा आणि एका कोपऱ्यात चक्क सेंट ल्यूक्स चर्च. जुन्या स्टँडचं छप्पर खांबांवर तोललेलं, त्यामुळे कित्येक खुर्च्यांवरून अर्धं मैदान खांबाआड जाई. दोन-तीन ठिकाणच्या योजना फसल्यावर क्लबने मर्सी नदीकाठची ब्रॅम्ली-मूर ही जुनी गोदी निवडली. १८ मे २०२५ रोजी पुरुष संघाने गुडिसनवर शेवटचा सामना खेळला आणि त्याच ऑगस्टमध्ये सुमारे ५३ हजारांच्या नव्या स्टेडियमवर मुक्काम हलवला. गोदीत बांधकाम आल्याचा शहरालाही फटका बसला: २०२१मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचा जागतिक वारसास्थळाचा दर्जा काढून घेतला, आणि नदीकाठच्या नव्या बांधकामांत या स्टेडियमचाही उल्लेख होता.

मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग त्यानंतरचा वाटतो. गुडिसन पाडायचं ठरलं होतं. ते रद्द झालं आणि तिथे एव्हर्टनचा महिला संघ खेळू लागला. घर सोडलं, पण घरातल्याच माणसांना दिलं.

आता बालेवाडीला येऊ. हे संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८मध्ये इथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. संकुलाचा पसारा मोठा, दीडशे एकरांच्या आसपास. पण ज्या स्टेडियममध्ये फुटबॉल होतो ते मुळात धावपटूंसाठी बांधलेलं आहे, आणि सगळी अडचण तिथे आहे.

हिशेब कागदावर मांडून बघा. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकच्या सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या असतात आणि वळणांची त्रिज्या ३६.५ मीटर. त्याला आठ लेन, प्रत्येकी १.२२ मीटर. म्हणजे ट्रॅकची बाहेरची कड लांबीला जवळजवळ १७७ मीटर आणि रुंदीला साडेब्याण्णव मीटर भरते. आंतरराष्ट्रीय सामन्याचं फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटरचं. ते या अंड्याच्या मध्यभागी ठेवलं तर टचलाइनपासून ट्रॅकच्या कडेपर्यंत सव्वाबारा मीटर आणि गोलमागे तब्बल ३६ मीटर रिकामे राहतात. गोलमागे पहिल्या रांगेत बसलेला प्रेक्षकही गोलपासून ३६ मीटर दूर. पेनल्टीचा बिंदू गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो, म्हणजे त्याच्या तिपटीहून जास्त. समोरच्या गोलची तर गोष्टच सोडा. स्टेडियमची रचना करणारे लोक डोळ्यापासून मैदानाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर १५० मीटरच्या आत ठेवायला सांगतात आणि १९० मीटर ही शेवटची मर्यादा मानतात. ट्रॅक मध्ये आला की ही मर्यादा पहिल्या पायरीपासूनच खर्च व्हायला लागते.

फुटबॉलचा आवाज अंतरावर अवलंबून असतो. बूट चेंडूवर आदळल्याचा धप्प, गोलरक्षकाची बचावपटूंना मारलेली हाक, घसरून चेंडू काढताना उडालेलं गवत हे सगळं तीस मीटरनंतर विरतं, आणि टीव्हीवर त्याहून चांगलं दिसतं. मग माणूस घरीच बसतो. प्रेक्षक येत नाहीत म्हणून क्लब हताश आणि नीट दिसत नाही म्हणून प्रेक्षक घरी, या चक्रात किती क्लब अडकले याची यादी लांब आहे. लंडनचा वेस्ट हॅम क्लब २०१६मध्ये शंभराहून अधिक वर्षांचं, घरांच्या दाटीतलं आपलं मैदान सोडून ऑलिंपिकच्या स्टेडियमवर गेला. खुर्च्या वाढल्या. पण मैदान लांब गेलं ही प्रेक्षकांची तक्रार अजून थांबलेली नाही.

याचा इलाज इटलीतल्या युव्हेंटसने केला. तुरिन शहरातलं देल्ले आल्पी स्टेडियम १९९०च्या विश्वचषकासाठी ट्रॅकसह बांधलं गेलं. जवळजवळ ६९ हजारांचं ते स्टेडियम नेहमीच अर्धं रिकामं भासे. युव्हेंटसने त्या जागेवर दीर्घकालीन हक्क मिळवला, स्टेडियम पाडलं आणि २०११मध्ये तिथेच ट्रॅकशिवायचं, ४१ हजारांचं नवं उभारलं. २८ हजार जागा कमी केल्या आणि तरीही क्लबचं भलं झालं. कारण ‘मोठं’ आणि ‘भरलेलं’ यांत प्रेक्षकाला दुसरं कळतं.

पुण्याने स्थलांतराचा प्रयोग एकदा करून पाहिला आहे, फुटबॉलमध्ये नाही, क्रिकेटमध्ये. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. सारसबागेजवळ, एसटी स्थानकाच्या हाकेच्या अंतरावर. ५ डिसेंबर १९८४ रोजी तिथे भारत आणि इंग्लंड यांच्यात पहिला एकदिवसीय सामना झाला आणि दिलीप वेंगसरकरांनी शतक केलं. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी याच मैदानावर केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं. विश्वचषकाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी तो एक. पेठांमधली माणसं चालत, सायकलवर, स्कूटरवर तिघं बसून या सामन्यांना गेली.

२००५च्या भारत-श्रीलंका सामन्याच्या निमित्ताने तिकिटं आणि पासांच्या वाटणीवरून महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन यांच्यात बिनसलं. असोसिएशनने स्वतःचं मैदान बांधायचं ठरवलं. मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेने आराखडा केला आणि मावळात, द्रुतगती मार्गाच्या कडेला, गहुंजे इथे सुमारे ३७ हजारांचं स्टेडियम एप्रिल २०१२मध्ये खुलं झालं. वास्तू देखणी आहे, यात शंका नाही. डोंगराच्या कुशीतली ती वाटी, ताणलेल्या कापडाची छपरं, कुठूनही आडवा न येणारा खांब. २०१७मध्ये पुण्याला पहिली कसोटी मिळाली ती इथेच, आणि २०२३च्या विश्वचषकाचे पाच सामनेही. दुरुस्तीच्या वाटेने नेहरू स्टेडियम इथवर पोचलं नसतं, हे मी मान्य करतो.

पण स्वारगेटपासून गहुंजे पंचवीस-तीस किलोमीटर. सामना संपल्यावर हजारो गाड्या एकाच वेळी महामार्गाकडे वळतात, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याचा प्रश्न त्याने सोडवायचा. ऑक्टोबर २०२४मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत बहुतेक प्रेक्षक उन्हात, छपराविना बसले होते आणि पिण्याच्या पाण्याचीही टंचाई झाली. असोसिएशनला माफी मागावी लागली. शहरातल्या मैदानाबाहेर टपरी असते, रसवंतीगृह असतं, समोरच्या सोसायटीतला माणूसही तांब्याभर पाणी देतो. माळावर आत जेवढं ठेवलं असेल तेवढंच.

याच्या शेजारी मुंबईचं उदाहरण ठेवलं की फरक लख्ख दिसतो. तिथेही भांडण पासांचंच होतं. ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने भरवणारी मुंबईची संघटना भाडेकरू. खुर्च्यांच्या वाट्यावरून खटके उडाले आणि संघटनेने शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने स्वतःचं स्टेडियम बांधलं. जानेवारी १९७५मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. ब्रेबर्नवर त्यानंतर २००९पर्यंत कसोटी झाली नाही. पण वानखेडे ब्रेबर्नपासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. चर्चगेटला लोकलमधून उतरणाऱ्या माणसाने फक्त वळण बदललं. पुढे २०११च्या विश्वचषकासाठी वानखेडेचं नूतनीकरण झालं, तेव्हा जागा वाढवण्याऐवजी कमी केल्या आणि प्रत्येकाला नीट खुर्ची दिली. संघटना मालक होती म्हणूनच ती दुसऱ्या वेळी दुरुस्तीचा मार्ग निवडू शकली.

कारण तेच, भांडण तेच. एकाने प्रेक्षकाला पंधरा मिनिटं चालायला लावलं, दुसऱ्याने दीड-दोन तास गाडीत बसवलं.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण रंग मारणं म्हणजे दुरुस्ती असा आपल्याकडे समज आहे. काँक्रीटचा स्टँड पावसाने एकदम पडत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल हळूहळू आत शिरतात, सळईभोवतीचं संरक्षण संपतं आणि ती गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगतं आणि पोपडे सुटतात. खालून ओल दिसली की वर गिलावा करून भागत नाही. फुटलेला भाग तोडून, सळई घासून किंवा बदलून, पुन्हा भरावं लागतं. स्ट्रक्चरल ऑडिट करतात ते हे किती खोल गेलंय ते पाहायला. सांगाडा शाबूत असेल तर दुरुस्ती नव्या बांधकामाहून खूपच स्वस्त पडते.

सांगाडा शाबूत असूनही स्टँड निकामी ठरू शकतो तो बाहेर पडायच्या वाटांमुळे. ब्रिटनमध्ये स्टेडियमच्या सुरक्षेसाठी जे मार्गदर्शन पाळतात त्यात प्रेक्षक आठ मिनिटांत आपल्या जागेवरून बाहेर पोचले पाहिजेत असं धरलं आहे, आणि पायऱ्यांवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ६६ माणसं उतरतात असं मानलं आहे. सव्वा मीटरला थोडा कमी, १.२ मीटर रुंदीचा जिना घेतला तर आठ मिनिटांत सव्वासहाशे माणसं उतरतील. दहा हजारांसाठी असे सोळा जिने लागतात. हे आकडे आले ते मृतदेहांच्या हिशेबातून. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण गेले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत सापडलेले ९७ जण दगावले. त्यानंतर आलेल्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांना उभ्याच्या गॅलऱ्या काढून सगळीकडे खुर्च्या बसवायला लावलं. नव्वदच्या दशकात मिडल्सब्रो, सुंदरलंड, बोल्टन अशा क्लबांनी जुनी मैदानं सोडली त्यामागे हे मोठं कारण होतं. जिथे जिने रुंद करायला जागाच नसते, तिथे जाण्याला पर्याय नसतो, आणि तिथे भावनेने अडून बसू नये.

आपल्याकडे क्लबांनी स्वतःचं स्टेडियम का बांधलं नाही, असं कुणी विचारेल. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या तीन मोसमांत प्रत्येक संघाला घरचे सात साखळी सामने मिळत, दहा संघ झाल्यावर नऊ. वर्षातले नऊ दिवस तिकीट विकून कुणी स्टेडियम बांधत नाही. म्हणून मालकी नसली तरी लांब मुदतीचा ताबा हवा: तीस वर्षांचा करार, ज्याच्या भरवशावर क्लब मैदानात पैसा घालेल, शेजारी अकादमी काढेल, मुलींचा संघ काढेल, बाकीचे साडेतीनशे दिवस ती जागा शाळांना आणि स्थानिक लीगला देईल.

असं मैदान आणि गाव यांचं नातं महाराष्ट्रात बघायचं असेल तर कोल्हापूरला जावं. राजर्षी शाहू स्टेडियम भर शहरात आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ तिथे खेळतात, आणि पेठाच्या पेठा चालत येऊन पायऱ्या भरतात. तिथे सोय फार नाही. पण संघ तालमीचा आहे, तालीम पेठेची आहे, आणि मैदान पेठेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. या संघांना कुणी हैदराबादला नेऊ शकत नाही.

पुण्याने काय करावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. गहुंजेसारखं आणखी एक भव्य काही शहराबाहेर नको. बालेवाडीचा ट्रॅकही उखडू नये, तो धावपटूंचा आहे आणि त्यांना दुसरा कुठला द्यायचा? फुटबॉलने त्या ट्रॅकच्या मधल्या हिरवळीचा हट्ट सोडावा आणि त्याच संकुलात वेगळं, आयताकृती, आठ-दहा हजारांचं मैदान मागावं. पहिली रांग टचलाइनपासून पाच-सहा मीटरवर, चारही बाजूंना छप्पर, सोळा जिने. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गावर बालेवाडी स्टेडियम नावाचं स्थानकच आहे, म्हणजे गाडी नसलेल्या मुलालाही सामना संपल्यावर घरी जाता येईल. आणि बांधकामाची निविदा निघण्याआधी ते मैदान तीस वर्षं कोणाच्या ताब्यात राहील, याचा करार व्हावा. तो पुण्यातल्या क्लबशी व्हावा, आणि जागा गाव सोडून हलवता येणार नाही अशी अट त्यात असावी.

मागणी नाही असं कुणी म्हणू नये. २०२२मध्ये महिलांच्या आशियाई करंडकाचे सामने बालेवाडीत झाले, चीनने जपानला उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरवलं ते इथेच. १८ सप्टेंबर २०२३ रोजी एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामनाही इथे झाला, इराणच्या नस्साजी मझांदरानने तो २-० असा जिंकला. त्या दिवशी बालेवाडीत यजमान म्हणून उतरलेला संघ मुंबई सिटी एफसी होता, कारण त्या स्पर्धेला चालेल असं मैदान मुंबईत त्याच्याकडे नव्हतं. पुण्याकडे मैदान होतं, आणि त्यावर उतरवायला आय-लीगमध्ये किंवा आयएसएलमध्ये स्वतःचा एकही क्लब नव्हता.